ऑरा दिसला म्हणून भिंत खोटी ठरत नाही

ड्रॅगन चालवणं सोपं असतं रे. त्याचे आकडे पुस्तकात असतात, पंजा किती लागतो तेही छापलेलं असतं. नव्या डीएमची खरी भंबेरी उडते ती पहिल्या लेव्हलच्या एका साध्या स्पेलपुढे. आठवडाभर डोकं लावून तू एक आभासी भिंत रचतोस, तिच्यामागे खजिन्याची खोली दडवतोस, आणि पार्टीतला विझर्ड दारातच थबकून म्हणतो, “मी डिटेक्ट मॅजिक टाकतो.” अशा वेळी काही डीएम पडेल चेहऱ्यानं सांगून टाकतात की समोरची भिंत इल्युजन आहे. काही जण चिडून ‘या गुहेत स्पेल चालत नाही’ असं ठोकून देतात. पहिल्यात तुझी मेहनत पाण्यात जाते, दुसऱ्यात खेळणाऱ्याचा विश्वास. डिटेक्ट मॅजिक आणि इल्युजन यांचं जमवायचं कसं, हे मावशीकडून एकदा नीट ऐकून घे.

सगळ्यात आधी स्पेलचा मजकूर शब्दन् शब्द वाच. पाठ आहे असं वाटत असलं तरी वाच. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ च्या पुस्तकात, हा स्पेल दोन टप्प्यांत काम करतो. टाकल्याबरोबर एवढंच जाणवतं की आपल्यापासून ३० फुटांच्या आत जादू आहे. कोणत्या दिशेला, किती ठिकाणी, कशावर, यातलं काहीही नाही. पुढे अ‍ॅक्शन खर्च केली तर डोळ्यांना दिसणाऱ्या ज्या प्राण्यावर किंवा वस्तूवर जादू आहे त्याच्याभोवती फिकट ऑरा दिसतो, आणि ती जादू कोणत्या स्कूलची आहे ते कळतं. इथे स्पेल संपला. जादूचं नाव कळत नाही, ती कोणी केली ते कळत नाही, कशासाठी केली ते तर नाहीच. २०२४ च्या सुधारित पुस्तकानं आणखी थोडी गाठ आवळली: स्कूल कळणार ते स्पेलमधून आलेल्या परिणामाचंच.

त्यामुळे टेबलावरचा संवाद असा व्हायला हवा.

“जादू जाणवते का?”

“जाणवते.”

“कुठे?”

“तीस फुटांत.”

“मग अ‍ॅक्शन वापरून बघतो.”

“रोगच्या कमरेच्या खंजिराभोवती ऑरा आहे. तुझ्या स्वतःच्या अंगठीभोवती आहे. आणि समोरच्या भिंतीवर, उजव्या अंगाला, एक अगदी फिकट ऑरा आहे. इल्युजन.”

आणि इथे गप्प बस. ‘म्हणजे’ हा शब्द तोंडातून काढू नकोस. तो शब्द खेळणाऱ्यांचा. ते आपसात कुजबुजतील, एक जण म्हणेल भिंत खोटी आहे, दुसरा म्हणेल सापळा असेल, आणि पुढची पाच-सात मिनिटं तुला काही करावंच लागणार नाही. कुठंतरी पाणी मुरतंय एवढं कळावं आणि कुठं ते कळू नये, या मधल्या जागेत इल्युजनचा सगळा खेळ असतो. उचलली जीभ लावली टाळ्याला असं करणारा डीएम ही जागाच बुजवून टाकतो.

रोगचा खंजीर मी मुद्दाम आधी घातला. तिसऱ्या-चौथ्या लेव्हलनंतर पार्टीच्या अंगावरच इतकं काहीबाही जादूचं असतं की पहिल्या टप्प्याचं उत्तर कायम ‘हो’ येतं. बरेच डीएम हे सोडून देतात. तू सोडू नकोस. पहिल्या टप्प्यावर ‘हो, जादू आहे, पण ती तुमचीच असू शकते’ हे उत्तर नियमाला धरून आहे आणि प्रामाणिकही आहे. चतुर पार्टी मग आपलं सामान मागे ठेवून एकट्या विझर्डला पुढे पाठवते. पाठवू दे. एकटा विझर्ड अंधारात तीस फूट पुढे चाललाय, याहून चांगलं दृश्य तुला फुकटात मिळणार नाही.

आता ‘इल्युजन’ या शब्दाचं. खेळणाऱ्यांना वाटतं इल्युजन स्कूल म्हणजे फसवणूक. पुस्तक उघडून त्या स्कूलची यादी बघ. मॅजिक माउथ इल्युजन आहे. भिंतीत किंवा पुतळ्यात बसवलेला निरोप, ठरलेली गोष्ट घडली की बोलतो, आणि डिस्पेल होईपर्यंत टिकतो. सायलेन्स इल्युजन आहे. फिअर इल्युजन आहे. ब्लर आणि मिरर इमेज, जे तुझा स्वतःचा विझर्ड मारामारीत वापरतो, तेही इल्युजनच. इल्युजरी स्क्रिप्टनं लिहिलेलं पत्र दहा दिवस त्याच स्कूलचा ऑरा बाळगून असतं. म्हणजे त्या उजव्या भिंतीवरच्या ऑराचे निदान दोन अर्थ होतात: भिंत मुळात नाहीच, किंवा भिंत खरीखुरी दगडी आहे आणि तिच्यात एक बोलकं तोंड बसवलंय. दोन्ही अर्थ तुझ्या गुहेत कधी ना कधी खरे ठरले पाहिजेत. पार्टीला पहिली खोटी भिंत भेटण्याआधी एक मॅजिक माउथ भेटू दे. ‘इल्युजन म्हणजे आरपार चाला’ हा धडा त्यांच्या डोक्यात बसतच नाही, आणि त्यासाठी तुला एकही नियम वाकवावा लागत नाही.

उलट बाजूही तितकीच कामाची. सगळी फसवणूक इल्युजनची नसते. ऑल्टर सेल्फ आणि पॉलिमॉर्फ हे ट्रान्सम्युटेशनचे. डॉपलगँगर रूप बदलतो तो त्याच्या जातीचा गुण म्हणून. तिथे स्पेल नाही, त्यामुळे डिटेक्ट मॅजिकला काही सापडत नाही. मिमिक पेटी होऊन बसतो, तोही तसाच. आणि पडद्यामागचं दार, दोन तळांची पेटी, रंगवलेली लाकडी शिळा यांना जादू लागतच नाही. दरबारात डिटेक्ट मॅजिक टाकून ‘कुणावरही ऑरा नाही, म्हणजे सगळे खरे’ असं म्हणणाऱ्या पार्टीला डॉपलगँगर प्रधान फार आवडीनं जेवायला बोलावतो. त्याच दरबारातल्या एका म्हाताऱ्या सरदारणीवर मात्र इल्युजनचा ऑरा झळकतो, कारण बाई हॅट ऑफ डिसगाइज घालून वीस वर्षांनी तरुण दिसतायत. एवढंच. पार्टी तीन दिवस तिच्या मागे लागते.

दरबाराचं निघालंच आहे तर हेही लक्षात ठेव: डिटेक्ट मॅजिकला मंत्र म्हणावा लागतो आणि हातवारे करावे लागतात. राजासमोर उभं राहून ते करणं म्हणजे ‘महाराज, तुमच्यावर आमचा विश्वास नाही’ असं भर सभेत म्हणणं. पहारेकऱ्यांना जादू कळत नसली तरी हात वर गेलेला दिसतो. स्लॉट वाचवायला रिच्युअल म्हणून टाकायचा तर दहा मिनिटं जादा लागतात, आणि स्पेल टिकतो कन्सेंट्रेशनवर, फार तर दहा मिनिटं. म्हणजे त्या काळात विझर्डनं आधी धरून ठेवलेलं दुसरं कन्सेंट्रेशन सुटतं. ही किंमत नियमातच आहे, तुला काही वाढवायचं नाही. फक्त घड्याळ चालू ठेव. गुहेत दर खोलीत रिच्युअल करणाऱ्या पार्टीला दहा मिनिटांत गस्त फिरून येते हे एकदा दाखवलंस की पुढे ते आपणच निवडून टाकतात. वॉरलॉकनं एल्ड्रिच साइट घेतली असेल तर त्याला हा स्पेल स्लॉटशिवाय कितीदाही टाकता येतो. त्याच्यावर चिडू नकोस. त्यानं त्यासाठी एक इन्व्होकेशन खर्च केलंय, त्याला त्याचं फळ दे.

आता एक बारीक, पण हटकून वादाची गोष्ट. नियम म्हणतो ऑरा दिसतो तो प्राण्याभोवती किंवा वस्तूभोवती. सायलेंट इमेजनं उभी केलेली भिंत ना प्राणी, ना वस्तू. ती नुसती प्रतिमा. मग तिच्याभोवती ऑरा दिसावा का? अक्षराला धरून बसणारे म्हणतात, जादू जाणवेल पण ऑरा नाही. मी दाखवते. अ‍ॅक्शन खर्च करून काहीच हाती लागत नाही असं झालं तर खेळणारा तो स्पेल टाकणंच सोडतो, आणि मग तुझ्या इल्युजनकडे संशयानं बघणारं कुणी उरत नाही. तू वेगळं ठरवलंस तरी चालेल, पण पहिल्याच खेळाआधी ठरव आणि सगळ्यांना सांग. मध्येच, आपली भिंत वाचवण्यासाठी, ठरवू नकोस.

ऑरा दिसला तरी इल्युजन आरपार दिसायला लागत नाही, हे मात्र पक्कं धर. मायनर इल्युजन, सायलेंट इमेज, मेजर इमेज या तिघांच्याही मजकुरात इल्युजन उघडं पाडण्याचे दोनच रस्ते आहेत. एक, हात लावणं किंवा काही फेकून मारणं. वस्तू आरपार गेली की खेळ खलास. दुसरा, अ‍ॅक्शन वापरून इन्व्हेस्टिगेशनचा चेक, टाकणाऱ्याच्या स्पेल सेव्ह डीसीविरुद्ध. तो जमला की प्रतिमा फिकी होते आणि पलीकडचं दिसतं. डिटेक्ट मॅजिक या दोन्हींत बसत नाही. तो पुरावा देतो, निकाल देत नाही. पण पुरावा फुकट घालवायचा नाही, म्हणून ऑरा बघितलेल्याला मी इन्व्हेस्टिगेशनवर अ‍ॅडव्हांटेज देते. ही माझी मनची रीत नाही. २००३ च्या थ्री पॉइंट फाइव्हमध्ये एकानं इल्युजन ओळखून बाकीच्यांना सांगितलं तर त्यांना सेव्हवर अधिक चार मिळायचे, तोच विचार. आणि ज्याच्या हातात दगड आहे त्याला चेक मागू नकोस. त्याला खडा टाकून बघू दे, अगदी शब्दशः.

थ्री पॉइंट फाइव्ह खेळलेला कुणी तुझ्या टेबलावर असेल तर तो जुन्या नियमानं बोलेल, सांभाळ. तेव्हा हा स्पेल ६० फुटांच्या शंकूत चालायचा आणि ज्ञान फेरीफेरीनं मिळायचं: पहिल्या फेरीत जादू आहे की नाही, दुसऱ्या फेरीत किती ऑरा आणि सगळ्यात जोरदार कोणता, तिसऱ्या फेरीत प्रत्येकाची जागा आणि ताकद, स्कूल कळायला स्पेलक्राफ्टचा चेक वेगळा. पुण्यात आमच्या कंपूत पुस्तक एकच होतं, आळीपाळीनं घरी न्यायचं, आणि या तीन फेऱ्यांवरून भांडणं व्हायची. पण त्या पद्धतीत एक मजा होती: तिसऱ्या फेरीपर्यंत विझर्डला एका जागी टक लावून उभं राहावं लागे, आणि तेवढ्यात काय काय होऊ शकतं याची सगळ्यांना धास्ती असे. पाचव्या आवृत्तीनं हे सुटसुटीत केलं, चांगलंच केलं, पण ती धास्ती गेली.

पाथफाइंडरच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीनं मात्र हा तिढा सरळ नियमानंच सोडवला. तिथे डिटेक्ट मॅजिक कँट्रिप आहे, हवा तेव्हा टाका. पण फसवणाऱ्या इल्युजनची लेव्हल तुमच्या स्पेलच्या लेव्हलपेक्षा कमी असेल तरच ते जाणवतं. बरोबरीच्या किंवा वरच्या इल्युजनपुढे स्पेल आंधळा. अदृश्य करणाऱ्या औषधासारखी, फसवं रूप नसलेली वस्तू मात्र नेहमीसारखी सापडते. नियम म्हणून मला हा फार नेटका वाटतो. तुझा सगळा खेळ इल्युजनवर उभा असेल, मुख्य खलनायक इल्युजनिस्ट असेल, तर हा नियम पाचव्या आवृत्तीत घरचा म्हणून उचल. एरवी गरज नाही.

अदृश्य माणसाचं काय, हे तुला पहिल्या महिन्यातच कुणीतरी विचारणार. इन्व्हिजिबिलिटी इल्युजन स्कूलचाच दुसऱ्या लेव्हलचा स्पेल. डिटेक्ट मॅजिकला ‘तीस फुटांत जादू आहे’ एवढं जाणवतं. ऑरा दिसत नाही, कारण दिसणाऱ्या प्राण्याचाच ऑरा दिसतो. तेव्हा तो कुठल्या चौकोनात उभा आहे हे सांगायचं नाही. पण खेळणारा चार पावलं मागे जाऊन ‘आता?’ विचारेल, मग डावीकडे सरकून ‘आता?’ विचारेल. प्रत्येक वेळी खरं उत्तर दे. असं चाचपडत कोपरा शोधणाऱ्याला शाबासकी द्यायची असते, आणि तुझा अदृश्य हेरही काही तिथे खांबासारखा उभा राहणार नाही.

यापेक्षा माझा आवडता प्रसंग फँटॅझमल फोर्सचा. हे इल्युजन हवेत नसतं, एकाच माणसाच्या डोक्यात असतं. फायटरला दारात आगीचा राक्षस दिसतोय, तो ओरडतोय, त्याला चटके बसतायत, दर फेरीला जखमही होते. बाकीच्यांना रिकामं दार दिसतंय. क्लेरिक घाईघाईनं डिटेक्ट मॅजिक टाकते, पुढच्या फेरीत अ‍ॅक्शन वापरून बघते. ऑरा कुठे दिसणार? दारात काहीच नाही. ऑरा फायटरभोवती आहे. हे वाक्य आवाज न चढवता सांग: “दारात काही नाही. पण तुझ्या शेजारी उभ्या असलेल्या त्याच्याभोवती इल्युजनचा ऑरा आहे.” टेबल एकदम शांत होतं. काही क्षण सगळ्यांना वाटतं फायटरच खोटा आहे. ती दोन मिनिटं तुझी कमाई. ज्याच्यावर बेतलंय त्यानं इन्व्हेस्टिगेशन केलं की सुटतो, आणि नाहीच सुटला तरी हा स्पेल एका मिनिटाचाच आहे.

खलनायकाच्या हातात काय द्यायचं ते आता बघ. शिशाचा पातळ पत्रा डिटेक्ट मॅजिक अडवतो. एक फूट दगड अडवतो. एक इंच धातूही अडवतो. पैसेवाल्या चेटक्याच्या पेटीला आतून शिसं मढवलेलं असणारच. पण त्याच्या जोडीला ‘पेटी आकाराच्या मानानं जड लागते’ हेही सांग, नाहीतर तो रडीचा डाव होतो. आणि विसरू नकोस, इल्युजनची भिंत मुळीच दगड नसते, त्यामुळे ती काही अडवत नाही. तिच्यामागच्या खजिन्यातली जादूसुद्धा पहिल्या टप्प्यात जाणवते.

नायस्टल्स मॅजिक ऑरा हे खरं हत्यार. दुसऱ्या लेव्हलचा स्पेल, रेशमाचा एक चौकोनी तुकडा लागतो, २४ तास टिकतो. साध्या वस्तूला जादूचा ऑरा लावतो, जादूच्या वस्तूचा ऑरा झाकतो, किंवा एका स्कूलचा ऑरा दुसऱ्या स्कूलचा भासवतो. एकाच वस्तूवर ३० दिवस रोज तसाच टाकला की डिस्पेल होईपर्यंत पक्का. महिनाभर रोज सकाळी उठून एका ठोकळ्यावर खोटा ऑरा चढवणारा माणूस कसा असेल, याचा विचार कर. तुझा खलनायक तिथेच अर्धा तयार होतो.

पण वापरायचा कसा? आपल्या मयसभेसारखा. दुर्योधनानं आधी स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून वस्त्रं सावरली, मग शहाणा होऊन खऱ्या पाण्याला जमीन समजला आणि भिजला. पहिली फसगत त्याला जे शिकवून गेली तेच दुसऱ्या वेळी त्याला नडलं. तू पार्टीला आधी प्रामाणिक इल्युजनं दाखव, ऑरा आणि भिंत यांचा मेळ बसलेली, दोन-तीन खेळांत. मग एकदाच, एका खऱ्या खोल खड्ड्यावरच्या खऱ्या फळीवर इल्युजनचा खोटा ऑरा चढव, आणि शेजारी बिनऑराची दिसणारी पण खोटी फळी ठेव, जिचा ऑरा झाकलाय. नियमाचा काटेकोर हिशेब मागणारा म्हणेल की प्रतिमेवर मॅजिक ऑरा बसत नाही, तो वस्तूवर बसतो. त्याचं बरोबर आहे. मग खोट्या फळीऐवजी एखादी जादूनं निसटणारी खरी फळी ठेव आणि तिचा ऑरा झाक. आणि हे एकदाच कर. दुसऱ्यांदा केलंस की पार्टी कशावरच विश्वास ठेवणार नाही, दर पायरीला काठी आपटत चालेल, आणि तुमची संध्याकाळ एका जिन्यात जाईल.

मोठ्या लेव्हलला डिटेक्ट मॅजिकचा प्रश्न आपोआप बदलतो. अकराव्या लेव्हलच्या विझर्डकडे ट्रू सीइंग येतं: एक तास, १२० फूट, दिसणारी इल्युजनं आपोआप ओळखली जातात. त्याच्याशी झुंजू नकोस. त्यांनी सहाव्या लेव्हलचा स्लॉट मोजून दिलाय. तिथे खोट्या भिंती ठेवण्यात अर्थ नाही. तिथे मिराज आर्केन ठेव. एक मैल बाय एक मैलापर्यंतचा मुलूख, दहा दिवस. या मुलखात डिटेक्ट मॅजिक टाकलं तर चहूबाजूंनी इल्युजनच, म्हणजे काहीच न कळल्यासारखं. ट्रू सीइंगवाल्याला खाली कोरडं माळरान दिसतं, पण हे इल्युजन स्पर्शालाही खरं लागतं, आणि बघणाऱ्याला कळलं म्हणून ते जागचं हलत नाही. तेव्हा त्याला दोन्ही गोष्टी सांग: समोर नुसती माती आहे, आणि पाणी कमरेपर्यंत आलंय. मग अ‍ॅथलेटिक्सचा चेक मागायला विसरू नकोस.